उघाडीवरची रिकामी दोरी

वरसे, रोहा
४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

मी नमिता, नाथाची मुलगी. तुमच्या घरी चार वेळा फोन केला. चारही वेळा वहिनी म्हणाल्या, "आई बाहेर गेल्यात." साठीची बाई पेणमध्ये चार दिवस बाहेरच असते हे काही मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. पत्राचा मायना मला येत नाही, सांभाळून घ्या.

काल भाऊबीज झाली. बाबांनी सकाळी पाट मांडायला लावला. दर वर्षी लावतात. अंघोळ करून त्यावर बसतात, समोर कुणी नसतं, पाच-दहा मिनिटांनी उठतात आणि पाट स्वतःच भिंतीला टेकवून ठेवतात. आई होती तोवर ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. काल मात्र त्यांना उठताच आलं नाही. मी आणि शेजारच्या वैशालीताईंनी दोन्हीकडून धरून उठवलं.

त्यांची फुफ्फुसं संपत आलीत. घरात ऑक्सिजनचं मशीन लावलंय. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

काय झालं होतं ते मला ठाऊक आहे, म्हणजे गाव सांगतं तेवढं. भातातलं पाणी खाडीत सोडायला बाबांनी बांधातल्या उघाडीच्या फळ्या उचलल्या, आणि पलीकडच्या चरात गाळ काढणारे आतोबा लोंढ्यात गेले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. पंचवीस वर्षं तुम्ही बाबांशी बोलला नाहीत. गेल्या वर्षी तुमच्या जितेशच्या लग्नात बाबा रस्त्यापलीकडे उभे राहून मंगलाष्टका ऐकून आले. नवरदेवामागे मामा म्हणून दुसरंच कुणी उभं होतं, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि जेवले नाहीत.

माफ करा असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. फक्त एकदा येऊन जा. पेणहून रोहा काही लांब नाही.

नमिता


रामवाडी, पेण
१५ नोव्हेंबर २०२४

नमिता,

आत्याला 'तुम्ही' म्हणायला कुणी शिकवलं तुला? तू म्हण. आणि सुनेला दोष देऊ नकोस, तसं सांगायला मीच तिला सांगितलं होतं. माझे कान गेलेत. डावा पार गेला, उजव्यात ओरडलं तर थोडंसं पोचतं. घरातला फोन जितेशचा, आणि आपलं बोलणं त्यानं ऐकावं असं मला नको आहे. लिहायचं तर पोस्टानंच लिही. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली आहेत मी, अक्षर बघून घे.

मी येणार नाही. कारण विचारू नकोस. माझा नाथावर राग आहे असं सगळ्यांना वाटतं, तुलाही वाटतं. वाटू दे.

तो खातो काय? लहानपणी तापात त्याला पेज आणि भाजलेला पोह्याचा पापड एवढंच जायचं. पापडाचा वास आला की उठून बसायचा. वीस पापड पाठवते आहे. मी लाटलेत हे सांगू नकोस, बाजारातले म्हणून सांग.

जितेश म्हणतो की नमिता कॉम्प्युटरच्या आतलं काम करते, बाहेरचं नाही. आत असतं काय? घरात बसून कंपनीचं काम कसं होतं हे मला काही समजलं नाही. पण बापाजवळ बसायला मिळतं ना, मग चांगलंच काम म्हणायचं.

इंदूआत्या


वरसे, रोहा
२३ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पापड भाजला. बाबांनी पहिला तुकडा तोंडात घातला, चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाजारातला हाय?" मी व्हय म्हटलं. "बरं," म्हणाले आणि तीन पापड खाल्ले. बाजारवाल्याला आणखी वीस पाठवायला सांग.

माझ्या कामाचं विचारलंस म्हणून सांगते, कंटाळा आला तर पान उलट.

हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी नाडी, श्वास दाखवणारी मशीनं असतात ना, आमची पुण्याची कंपनी ती बनवते. त्यांच्या पोटात जो कारभारी प्रोग्राम असतो त्यावर मी काम करते. मशीनच्या स्मरणात जागेचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना आम्ही पानं म्हणतो. पानं मोजकी, कामं भरपूर. मशीनला एका वेळी चार हात असतात, चारही एकदम चालतात, आणि एकच पान दोघं-तिघं वापरत असतात. काम झालं की पान पुसून दुसऱ्याला द्यायचं. पण द्यायचं कधी? कुणी आत असताना दिलं, तर नवा माणूस त्यावर आपलं लिहिणार आणि जुना तेच आपलं समजून वाचणार. एका पेशंटच्या नाडीच्या जागी भलतंच काहीतरी.

म्हणून प्रत्येक पानाला एक आकडा असतो. पान धरणाऱ्यानं एकनं वाढवायचा, सोडणाऱ्यानं एकनं उतरवायचा. शून्य झाला की पान मोकळं. आणि शून्य झाल्यावर कुणी आला तर त्यानं आकडा वाढवायचा नाही, गुपचूप मागे फिरायचं. शून्याचं परत एक करता येत नाही, कारण तोवर पान दुसऱ्याचं झालेलं असतं.

हे मी बाबांना समजावत होते, तर अर्ध्यातच ते म्हणाले, "म्हंजे आपली दोरीच की गो!"

मग मी पुण्याच्या मुलांनाही दोरीवरूनच सांगितलं. त्यांना उघाडी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. खाडीचं खारं पाणी अडवायला बांध, बांधात दार ती उघाडी. ओहोटीला फळ्या उचलायच्या म्हणजे भातातलं जास्तीचं पाणी बाहेर जातं. बाहेरच्या चरात कुणी असेल तर त्या लोंढ्यात टिकत नाही, आणि तिवरांच्या झाडीमुळे वरून चर दिसत नाही. म्हणून खांबाला दोरी. चरात उतरणाऱ्यानं आपली करवंटी दोरीला अडकवायची, वर आल्यावर आपली काढायची. दोरी रिकामी असल्याशिवाय उघाडीवाला फळीला हात लावत नाही. मुलं थक्क झाली. एकजण म्हणाला, हे आमच्या पुस्तकात का नाही?

सध्या एक चूक शोधते आहे. महिन्यातून एखादं मशीन मधेच भरकटतं. कुठलं तरी पान कुणीतरी आत असतानाच मोकळं होतंय, पण कसं ते कळत नाही. बाबा रोज विचारतात, "सापडला काय गो?" त्यांनाही माझ्या चुकीचा छंद लागलाय.

ये ना, आत्या.

नमिता


रामवाडी, पेण
३ डिसेंबर २०२४

नमिता,

पान उलटलं नाही. दोनदा वाचलं.

पुण्याच्या पोरांना एक सांगायचं तू विसरलीस. नुसती करवंटी नाही, करवंटीवर ज्याची त्याची खूण असायची. कुणाची दोन खाचा, कुणाचा मासा, कुणाचं नुसतं अक्षर. तुझ्या आतोबांची भाताची लोंबी होती. मीच कोयतीच्या टोकानं कोरून दिली होती. ते निडी गावाकडचे, खाडीपासून लांब वरच्या अंगाचे भातकरी. खाडी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. दोरीला आधी फार हसायचे. म्हणायचे, "आमच्या गावात शेतात जाताना कुणी नारळ टांगत नाय." मग एकदा भरतीचं पाणी चढताना बघितलं आणि हसायचे थांबले. नऊ वर्षं राहिले आमच्या गावात. नवव्या वर्षी जितेश झाला.

तू 'गाव सांगतं तेवढं' असं लिहिलंस. गाव असं सांगतं की नाथानं दोरी बघितलीच नाही. नाथा म्हणाला, दोरी रिकामी होती. कुणी विश्वास ठेवला नाही, कारण तुझे आतोबा, गुणाजी, करवंटी लावल्याशिवाय उतरणारे नव्हते आणि त्यांची करवंटी कुठे मिळालीही नाही. सगळे म्हणाले, नाथानंच चूक लपवायला खाडीत टाकली असणार. मला विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही. नंतरही बोलले नाही. तो गाव सोडून रोह्याला कंपनीत शिफ्टला लागला, तेव्हा मी दार लावून आत बसले होते.

पापड पाठवले आहेत. बाजारातलेच. त्यात मिरी कमी घातली आहे, त्याला खोकला असेल.

तुझी चूक सापडली की कळव. मलाही आता वाटू लागलंय की ती सापडावी.

इंदूआत्या


वरसे, रोहा
१७ डिसेंबर २०२४

आत्या,

सापडली!

आधी तेच सांगते, कारण पुढचं लिहायला जड आहे. पानं कमी पडू लागली की एक तपासनीस काम फिरतं. ते पानात डोकावतं आणि निघून जातं, डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ. रोजच्या वाटेनं आलं तर आकडा वाढवूनच आत जातं. पण घाईची एक वाट आहे, क्वचित लागणारी. त्या वाटेनं येताना लिहिणाऱ्यानं विचार केला असणार, क्षणभराचं तर काम आहे, आकडा कशाला वाढवायचा? बाहेर पडायचं दार मात्र दोघांना एकच, आणि त्या दारात सवयीनं एक उतरवला जातो. आपला वाढवलाच नव्हता, म्हणजे उतरला कुणाचा? जो आत होता त्याचा. तेवढ्यात दुसऱ्या हातानं शून्य बघितला आणि पान दुसऱ्याला देऊन टाकलं. आत असलेल्याला काही पत्ताच नाही.

देणाऱ्या हाताची काहीच चूक नाही, आत्या. त्यानं शून्य बघूनच दिलं. आणि आम्ही चार महिने त्या हातालाच शिव्या देत होतो.

मी नाचत बाबांना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्यानं उतरवला त्याला कळतं काय, त्यानं काय केलं ते?" मी म्हटलं, नाही, सवयीनं होतं ते, वाईट हेतू नसतो. तर म्हणाले, "मग कशाला सांगतेस त्याचं नाव?" आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला हसू आलं. न सांगून कसं चालेल, दुरुस्त कोण करणार?

आता दुसरं. परवा त्यांचे स्वेटर काढायला जुनी ट्रंक उघडली. तळाशी आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक करवंटी होती. तिच्यावर लोंबी आहे. तुझ्या पत्रात वाचलं नसतं तर मला ती नुसती नक्षी वाटली असती.

मी बाबांसमोर धरली. त्यांनी लोंबीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मीच काढली गो ती. दोरी रिकामी नव्हती. ताईला लिव, नाथानं कबूल केलं म्हणून."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. आत्या, आजवर मला आशा होती की गाव खोटं बोलतंय. ती गेली. मी चिडले होते, दिवसभर त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि दिवसभर ते माझ्याकडे जरा समाधानानंच बघत होते. का ते मला कळलं नाही. आता तुला सगळं कळलं आहे. तरीही ये, किंवा निदान आता ये.

नमिता


रामवाडी, पेण
२६ डिसेंबर २०२४

नमिता,

तुझ्या पत्राचा पहिला भाग वाचला आणि मला वाटलं, तुला कळलं आहे आणि तू मशीनच्या नावानं मला सुनावते आहेस. चुलीत घालणार होते पत्र. मग पुढे करवंटीचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. 

नाथा खोटं बोलतोय. करवंटी त्यानं काढली नाही. मी काढली.

घट बसायला दोन दिवस होते. दुपारची मी जेवण घेऊन गेले, डोक्यावर टोपली, कडेवर जितेश. दोरीला एकच करवंटी होती, त्यांची. मी माझी लावली नाही. भाकरी देऊन लगेच वर यायचं, दोन हात गुंतलेले, कोण लावतंय? खाली गेले. ते गाळात कमरेपर्यंत होते. म्हणाले, "ठेव त्या दगडावर, एवढं झालं की खातो." आदल्या दिवसाची रिकामी भांडी टोपलीत टाकली आणि वर आले. वर आलं की दोरीला हात घालायचा आणि करवंटी काढायची, हे लहानपणापासून हातात बसलेलं. पोर रडत होतं. मी हात घातला, हाताला एक करवंटी लागली, ती काढून टोपलीत टाकली आणि घरी गेले. खूण बघितली नाही. तुझ्या त्या तपासनिसानं केलं ते अक्षर न अक्षर मी केलं.

नाथा आतल्या शेतात पाणी बघत होता. ओहोटी लागल्यावर आला असेल, दोरी बघितली असेल, रिकामी दिसली असेल. त्यानं बघूनच फळ्या उचलल्या. तो पहिल्यापासून खरं बोलत होता.

संध्याकाळी सगळे चरावर धावले तेव्हा भांडी काढताना मला लोंबी दिसली. मी ती तांदळाच्या कणगीत खुपसली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नव्हती. मला वाटलं, आईला सापडली आणि तिनं फेकली, माझ्यासाठी. आईला कधी विचारलं नाही, आणि ती गेली. पंचवीस वर्षं मी हेच धरून चालले. आता कळतंय की ती नाथानं नेली. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून त्याला माहीत होतं. लोक त्याला तोंडावर खुनी म्हणत होते तेव्हा त्याच्याजवळ ती होती, आणि त्यानं ती दाखवली नाही.

मला त्याचा राग कधीच नव्हता, पोरी. त्याच्यासमोर गेले की तोंडातून खरं निघेल, म्हणून मी जात नव्हते. मग जितेश मोठा झाला, मामाच्या नावानं दात खाऊ लागला, आणि मला आणखी भीती वाटू लागली. खरं सांगितलं तर पोर आईला काय म्हणेल? असं करत करत मी भाऊ घालवला.

मी येते. जितेश कंपनीच्या कामानं गुजरातला गेलाय, तीन तारखेला परत येतोय. आधी त्याला सांगते. हे मी फोनवर सांगणार नाही, समोर बसवून सांगेन. मग रविवारी, पाच तारखेला, दोघं येऊ. नाथाला हे पत्र वाचून दाखवू नकोस. मी माझ्या तोंडानं सांगेन. पंचवीस वर्षं थांबला आहे, दहा दिवस आणखी थांब म्हणावं.

आत्या


वरसे, रोहा
१६ जानेवारी २०२५

आत्या,

दोन तारखेला तू सुनेबरोबर आलीस, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून बसलीस, आणि माणसं त्यांना उचलायला आली तरी पाय सोडत नव्हतीस. मला तुला बरंच सांगायचं होतं. पण तुझ्या उजव्या कानात ओरडावं लागलं असतं आणि घर माणसांनी भरलेलं होतं. म्हणून आज लिहिते. परवा तेरावं झालं. जितेश आला होता. कोपऱ्यात बसून राहिला, जेवला नाही. तू त्याला सांगितलंस की नाही ते मी विचारलं नाही. निघताना बाबांचा तो पाट हातानं पुसून जागेवर ठेवला, तेवढं मी बघितलं.

तुझं पत्र मला तीस तारखेला मिळालं. मी ते वाचलं आणि आधी बाबांची माफी मागावी म्हणून उठले. मग तू शेवटी लिहिलेलं आठवलं. वाचून दाखवू नकोस. तीन दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि बाबा पाच हातांवर होते. मी रोज खण उघडायचे आणि बंद करायचे. पाच तारीख काही लांब नव्हती, असं तेव्हा वाटत होतं.

एक तारखेला दुपारी त्यांना जरा बरं वाटत होतं. त्यांनीच विचारलं, "ताईचं पत्र आलं काय?"

"आलंय. रविवारी येते म्हणाली."

ते उठून बसायला बघू लागले. मी उशी लावली. मग म्हणाले, "करवंटीचं काय लिवलंय? पटलं तिला?"

आत्या, त्यांना भीती वाटत होती. तू त्यांचं खोटं ओळखशील याची. माणूस मरायला टेकलाय आणि आपल्यावरचा आळ नीट बसला की नाही याची चौकशी करतोय. माझ्या खणात तुझं खरं होतं. ते काढून वाचावं, की तू सांगितलंस तसं करावं? मी म्हटलं, "व्हय, पटलं."

त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "मग बरं झालं. आली की तिला काय बोलू देऊ नको गो. नुसता पाट मांड."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला ते गेले. मला वाटलं, झोप लागलीय. चहा निवला तेव्हा कळलं.

मी चूक केली का, ते तू सांग. तू खरं बोलणार होतीस आणि मी त्यांना खोट्यावर निजवलं. त्यांना खरं ऐकायचंच नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. दिवसातून दहा वेळा सांगते, तरी पटत नाही. तुला सांगायचं होतं, आत्या. त्यांना नसेल, पण तुला होतं.

कामावर सोमवारपासून बसले. माझी दुरुस्ती मशीनमध्ये गेली. आता घाईच्या वाटेनं येणारा तपासनीससुद्धा आकडा वाढवूनच आत जातो, आणि बघणं नि वाढवणं एकाच दमात करतो, मधे कुणाला शिरायला जागा नाही. दुरुस्तीबरोबर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं की पान सोडणाऱ्या कामाची चूक नव्हती. हे वाक्य खरं म्हणजे तिथे गरजेचं नव्हतं. एकानं काढून टाकायला सुचवलं, पण मी ते राहू दिलं.

करवंटी जितेशबरोबर पाठवली आहे. मिळाली असेल.

तुझी
नमिता


रामवाडी, पेण
२ फेब्रुवारी २०२५

नमिता बाळा,

तू बरं केलंस की वाईट, हे मला ठरवता येत नाही. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. दहा दिवस थांब असं मी लिहिलं, तू नाही. त्यातला दोष तुझ्याकडे काही नाही. हे नीट वाच आणि परत मला विचारू नकोस.

जितेशला तीन तारखेलाच सांगितलं, घरी आला तसा. बूटही काढले नव्हते.  तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, लग्नात मामाला मंडपात नको म्हणून मीच सांगितलं होतं. तू एक शब्द बोलायचीस ना गो."  माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. आता रोज कामावर जाताना माझ्या खोलीत येऊन क्षणभर उभा राहतो आणि जातो.

गावातल्या बायांना बोलावून मी सांगितलं. देवळासमोर बसून, सगळं. नाथावर लोकांनी काय काय म्हटलं होतं तेही त्यांना आठवून दिलं. दोघी-तिघी रडल्या. एक म्हणाली, "इतक्या वर्सांनी कशाला उकरतेस गो?" पण मी थांबले नाही. आता गाव सांगेल ते खरं सांगेल.

काल उघाडीवर गेले. लोखंडी झडप बसवली आहे तिथे आता, भरतीला आपली मिटते, ओहोटीला आपली उघडते. फळ्या नाहीत, उघाडीवाला नाही, चरात कुणी उतरतही नाही. जुना खांब मात्र उभा आहे. जितेश म्हणाला, "आई, मी येऊ काय खाली?" म्हटलं नको, वरच थांब.

घरून नवी दोरी नेली होती. खांबाला बांधली. करवंटी लावली, लोंबी वरून येणाऱ्याला दिसेल अशी. चराच्या तोंडाशी गेले. तो दगड अजून आहे. त्यावर एक भाकरी आणि पापड ठेवला. भाकरी त्यांना, पापड नाथाला. दोघांनाही एकाच जागी द्यावं असं वाटलं.

वर आले. दोरीजवळून जाताना हात पुढे झालाच बघ. लहानपणापासूनची सवय. मी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून बांधावरून चालत आले. करवंटी तिथेच आहे. तू कधी गेलीस तर तूही काढू नकोस.

इंदूआत्या